गाठ ज्याची त्याची

१६ जुलै २०२४ च्या संध्याकाळी बेंगळुरूच्या मागडी रोडवरच्या जीटी वर्ल्ड मॉलच्या दारात हावेरी जिल्ह्यातल्या एका सत्तरीच्या शेतकऱ्याला अडवण्यात आलं. मुलाने त्यांना सिनेमा दाखवायला आणलं होतं आणि तिकिटंही काढलेली होती. अंगात सदरा आणि कमरेला पांढरं पंचे, एवढाच त्यांचा अपराध. पंचे नेसलेल्यांना आत सोडता येत नाही, पँट घालून या, असं सुरक्षारक्षकाने सांगितलं. हा प्रकार मोबाइलवर टिपला गेला आणि रातोरात राज्यभर पसरला. दुसऱ्या दिवशी शेतकरी आणि कन्नड संघटनांचे कार्यकर्ते मॉलच्या दारात बसले, व्यवस्थापनाने माफी मागून त्या वृद्धाचा सत्कार केला. १८ जुलैला कर्नाटकच्या विधानसभेत मंत्री बैरती सुरेश यांनी मॉल सात दिवस बंद ठेवण्याची घोषणा केली. महापालिकेने मालमत्ता कराची थकबाकीही त्याच वेळी उकरून काढली. अपमान झाला यावर सगळ्यांचं एकमत होतं. तो नेमका कशाचा झाला, याबद्दल मात्र जो तो आपापलं बोलत होता. कुणी म्हणालं संस्कृतीचा, कुणी कन्नड अस्मितेचा, कुणी शेतकरीवर्गाचा. या गलबल्यात एक साधी गोष्ट मागे पडली. त्या माणसाने त्या दिवशी आपल्या पसंतीचं एक वस्त्र निवडलं होतं, स्वतःच्या हाताने नेसलं होतं, आणि त्याची ती निवड दारातल्या माणसाने रद्द ठरवली होती. माझ्या मते प्रश्नाचं मूळ इथे आहे. अशा वस्त्राचं मोल त्याच्या प्राचीनतेत किंवा प्रतीक असण्यात शोधलं, तर ते हातातून निसटतं. ते नेसणाऱ्याच्या रोजच्या निवडीत आहे, आणि जपायची असेल तर ती निवड जपायला हवी.

पंचे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला थोडक्यात सांगायला हवं. आपल्याकडचा अंग पुसायचा पंचा तो हा नव्हे. कमरेभोवती गुंडाळून घोट्यापर्यंत सोडलेलं पांढरं सुती वस्त्र म्हणजे पंचे. तमिळांची वेष्टी आणि मल्याळींचं मुंडू ही त्याचीच भावंडं. काष्टा मारून नेसलं की ते कच्चे पंचे, म्हणजे जवळपास आपलं धोतर. रंगीत, चौकड्यांची लुंगी ही घरातली, कामातली. पांढरं काठाचं पंचे हे चारचौघांतलं. बेंगळुरूच्या जुन्या पेठेत, चिक्कपेटेच्या गल्ल्यांमधल्या कापडदुकानांत, पंच्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असतात. हे शहर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं आणि मराठी बोलणारी घरं इथे आजही आहेत. त्यांतल्या नामदेव शिंपी आणि भावसार समाजांचं तर कापडाशी पिढीजात नातं. जाणतं गिऱ्हाईक पंचे निवडताना आधी कापड दोन बोटांत चोळतं. पांढरी भुकटी सुटली तर खळ जास्त, म्हणजे दुकानात भरीव वाटणारं कापड दोन धुण्यांत लेचंपेचं होणार. मग ते उजेडासमोर धरतं. सूत साठ नंबरी, ऐंशी नंबरी की शंभर नंबरी, यावर कापडाची नजाकत ठरते. पण सूत जितकं बारीक तितकं कापड पारदर्शक, म्हणून सणाला शोभणारं पंचे बसच्या प्रवासाला नकोसं वाटतं. एकेरी पंचे साधारण दोन मीटरांच्या आत-बाहेर, दुहेरी त्याच्या जवळपास दुप्पट. दुहेरी दोन घड्यांनी नेसल्यामुळे अंग दिसत नाही, पण उकाड्यात जड होतं. सर्वांत शेवटी काठ. तो बोटभर असावा की दोरीइतका, हिरवा, तांबडा की जरीचा, यावर बराच खल होतो. तमिळनाडूत तर काठाच्या रंगांवरून माणसाचा पक्ष ओळखता येतो, इतका काठ बोलका असतो.

एवढं करून घरी येतं ते कापडच. वस्त्र अजून झालेलं नसतं. पँटीचा घेर, उंची, बसणं हे सगळं कारखान्यात किंवा शिंप्याच्या टेबलावर ठरून येतं. घालणाऱ्याने फक्त पाय घालायचे. पंच्यात हे सगळं नेसणाऱ्याच्या हातात असतं. गाठ कमरेवर की जरा खाली, काठ समोर सरळ उतरवायचा की बाजूला, किती घट्ट ओढायचं, खालचं टोक घोट्याला टेकवायचं की चार बोटं वर ठेवायचं, हे रोज सकाळी नव्याने ठरतं. पोट सुटलं, आजाराने माणूस झिजला, तरी तेच पंचे चालतं. बदलते ती गाठ. दिवसभरातही त्याचं रूप एकसारखं राहत नाही. चिखल आला, जिना चढायचा आला, ओझं उचलायचं आलं की खालचं टोक वर घेऊन कमरेला दुमडलं जातं आणि पंचे गुडघ्याशी येतं. समोरून वडीलधारं माणूस आलं की तेच टोक हलकेच खाली सोडलं जातं. वर घेतलेलं पंचे म्हणजे काम, खाली सोडलेलं म्हणजे अदब. शब्द न उच्चारता दिलेला हा नमस्कार दक्षिणेत सगळ्यांना कळतो. लेखणीचं टोक जसं एकाच हाताच्या वळणाने झिजत जातं, तसं नेहमीचं पंचे एका शरीराला सरावतं. खळ निघून गेलेली असते, गाठीच्या जागी कापड मऊ पडलेलं असतं, काठाचा रंग जरा उतरलेला असतो. म्हणून कपाटात चार कोरी पंची असताना माणूस नेमकं तेच जुनं उचलतो. ही आवड हळवेपणाची नाही. ज्याचा आकार आपण घडवतो त्या वस्तूवर आपला हक्क जास्त वाटतो, आणि तिच्यावर कुणी बोट ठेवलं की ते आपल्यावर ठेवल्यासारखं लागतं.

हाच प्रश्न दुसऱ्या टोकाहून तपासायचा तर स्कॉटलंडच्या किल्टकडे पाहावं. आपल्याला किल्ट दिसते ती चुण्यांच्या चौकडीदार घागऱ्यासारखी, गुडघ्यापर्यंतची, पाइप बँडवाल्यांच्या अंगावर. पण तिचं मूळ रूप आपल्या धोतराच्या फार जवळचं होतं. सोळाव्या-सतराव्या शतकातला हायलँडर चार-पाच वार लोकरी कापड, कुठेही न बेतलेलं, चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचा. खालचा भाग गुडघ्यापर्यंत, वरचा खांद्यावरून टाकायचा. पाऊस आला की डोक्यावरून, रात्री झोपताना पांघरूण म्हणून. आकार देणारा नेसणाराच. पुढे अठराव्या शतकात वरचा भाग गळाला, खालच्या चुण्या शिवून पक्क्या झाल्या आणि आजची किल्ट तयार झाली. ती आजही मापाने शिवतात, पुरत्या किल्टला साधारण आठ वार कापड लागतं, आणि चुण्या अशा घालायच्या की मागून चौकडीची नक्षी अखंड दिसेल की एकच पट्टा पुढे येईल, हे गिऱ्हाइकाला विचारलं जातं. आपल्या मातीशीही या मंडळींचा संबंध आला आहे. १७९१ च्या मार्चमध्ये इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसने टिपू सुलतानाकडून बेंगळुरूचा किल्ला घेतला तेव्हा त्याच्या फौजेत हायलँडर पलटणी होत्या. १८०३ साली जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांविरुद्ध ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी लढल्या. पुढे १८०९ साली, ज्या वर्षी इंग्रजांची बेंगळुरूतली छावणी उभी राहिली त्याच वर्षी, ब्रिटिश लष्कराने ७४ व्या पलटणीसकट सहा पलटणींचा हायलँडर पोशाख काढून घेतला. कारण व्यवहारी होतं. हायलँड्समधून पुरेसे रंगरूट मिळेनात आणि बाहेरचे लोक या पोशाखाला नाखूश होते.

किल्टच्या इतिहासातल्या दोन तारखा आपल्या चर्चेला फार उपयोगी आहेत. स्कॉटलंडमधल्या १७४५ च्या बंडानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ साली कायदा करून हायलँडमधल्या पुरुषांना आणि मुलांना हा पोशाख करायची बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार रवानगी. सरकारी पलटणींतल्या सैनिकांना मात्र सूट होती. म्हणजे राजाच्या नोकरीत किल्ट शिस्त ठरत होती आणि स्वतःच्या घरी तीच गुन्हा. ही बंदी १७८२ साली उठली. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८२२ साली, राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या त्या सोहळ्यात धिप्पाड राजाने स्वतः किल्ट चढवली, तीही गुलाबी घट्ट विजारीवर. बंदी घातलेला पोशाख राष्ट्रीय पोशाख झाला. पण त्याच काळात हायलँड्समधल्या खंडकऱ्यांना मेंढ्यांच्या कुरणांसाठी पिढीजात जमिनींवरून हुसकावलं जात होतं. पोशाखाचा सत्कार आणि पोशाख करणाऱ्यांची हकालपट्टी एकाच वेळी सुखाने चालू होती. यातून एक निष्कर्ष निघतो, आणि तो माझ्या म्हणण्याचा कणा आहे. बंदी आणि सोहळा या दोन्ही गोष्टी वस्त्राचा निर्णय नेसणाऱ्याकडून काढून घेतात. एक म्हणते, हे नेसू नकोस. दुसरी म्हणते, हे आम्ही सांगू तेव्हा, सांगू तसं नेस. दोन्हीकडे माणूस विचारला जात नाही.

यावर कुणी म्हणेल की किल्टची थोरवी तरी कुठे खरी आहे? कुळांच्या नावावर खपणाऱ्या बहुतेक चौकड्या एकोणिसाव्या शतकात रचल्या गेल्या. १८४२ साली प्राचीन हस्तलिखित म्हणून छापलेला चौकड्यांचा एक मोठा ग्रंथ बनावट ठरला. चुण्या शिवलेली आखूड किल्ट एका इंग्रज कारखानदाराने आपल्या कामगारांसाठी काढली, अशीही एक वादग्रस्त हकिकत आहे. हे सगळं मान्य केलं तरी आज ग्लासगोतला एखादा माणूस लग्नासाठी चौकडी निवडताना जो विचार करतो तो खोटा ठरत नाही. आईच्या घराण्याची घ्यावी की बापाच्या, गावाची घ्यावी की केवळ रंग आवडला म्हणून घ्यावी, हा त्याचा निर्णय असतो, आणि आवड त्या निर्णयाला चिकटते. स्कॉटलंडमध्ये २००८ च्या कायद्याने चौकड्यांची सरकारी नोंदवही सुरू झाली. तीत आजही कुणीही नवी चौकडी नोंदवू शकतो. परंपरा जुनी आहे म्हणून वस्त्राला मान, या युक्तिवादाची मोठी अडचण ही, की उद्या कुणी ती नवी आहे असं सिद्ध केलं की मान संपला. पंच्याच्या बाजूने बोलताना वेदकाळ आणि शिल्पं पुढे आणायची म्हणूनच गरज नाही. ते आज लाखो माणसं स्वखुशीने नेसतात, एवढा पुरावा पुरे.

महाराष्ट्राने या बाबतीत बेंगळुरूकडे जरा लक्ष देऊन पाहावं, कारण आपलं धोतर कुठल्याही बंदीविना गेलं. टिळक-गोखल्यांच्या पिढीला धोतराशिवाय डोळ्यांपुढे आणता येत नाही. नागपुरी रेशीमकाठी धोतरजोड्यांचा लौकिक होता. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे त्या गावच्या मागांवर धोतरं निघत राहिली. पण कचेरी, शाळा, कारखाना आणि लोकल गाडी यांनी मिळून दोन पिढ्यांत धोतर हद्दपार केलं. आज ते वारीत दिसतं, विदर्भ-मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या अंगावर दिसतं, आणि लग्नात दिसतं ते निऱ्या शिवून, नाडी किंवा इलॅस्टिक लावून. शिवलेल्या धोतराची टवाळी करायचं कारण नाही, सोय कुणाला नको असते? पण त्याने नेसणाऱ्याचं उरलंसुरलं काम काढून घेतलं हे खरं. निऱ्या किती घ्यायच्या, सोगा कुठे सोडायचा, काष्टा किती ओढायचा, हे आता पोशाख भाड्याने देणारा दुकानदार ठरवतो, आणि त्यामुळे कुणाचंही 'आवडतं धोतर' उरलं नाही. बेंगळुरूत पंचे अजून त्या अवस्थेला गेलेलं नाही. ते देवळातही जातं आणि बाजारातही, लग्नातही आणि विधानसभेतही. १९९६ साली एच. डी. देवेगौडा पंच्यातच पंतप्रधान झाले आणि सिद्धरामय्या पंच्यातच मुख्यमंत्री झाले. राज्याचा कारभार हाकायला जे वस्त्र चालतं ते सिनेमा पाहायला चालत नाही, ही त्या जुलैमधली विसंगती म्हणूनच इतकी झोंबली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मालकीहक्काचा: मॉल खासगी जागा आहे, तिथे कोणत्या कपड्यांत यावं हे मालकाने ठरवलं तर बिघडलं कुठे? या आक्षेपात तथ्य आहे. पोहण्याच्या तलावात, शस्त्रक्रियेच्या खोलीत, यंत्रांच्या कारखान्यात कपड्यांचे नियम लागतातच, आणि सरकत्या जिन्यात सैल वस्त्र अडकू शकतं ही भीतीही खोटी नाही. पण नियम म्हटला की त्याला कारण हवं, आणि ते कारण सगळ्यांना सारखं लागू हवं. सरकत्या जिन्याची काळजी असती तर साडी, ओढणी, घोळदार घागरा यांनाही दारात थांबवलं असतं. तसं कुठे होत नाही, म्हणजे कारण सुरक्षेचं नव्हतं. शिवाय जी जागा वाटेवरच्या प्रत्येकाला या म्हणून बोलावते, जाहिरात करते, तिकीट विकते, तिला घराच्या दिवाणखान्याचे हक्क सांगता येत नाहीत. तमिळनाडूने हा मुद्दा कायद्यात उतरवला. २०१४ च्या जुलैमध्ये चेन्नईतल्या क्रिकेट संघटनेच्या क्लबात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंतामन यांना वेष्टी नेसल्यामुळे प्रवेश नाकारला गेला, आणि महिन्याभरात विधानसभेने कायदा केला. क्लब, सभागृह, हॉटेल यांसारख्या सार्वजनिक जागांनी वेष्टी किंवा भारतीय पेहराव केलेल्याला अडवलं तर परवाना रद्द होऊ शकतो, शिवाय वर्षभराची कैद आणि २५,००० रुपयांपर्यंत दंड. शिक्षा कडक वाटेल, पण कायद्याचा गाभा योग्य आहे: अडवायचं असेल तर कारण दाखवायची जबाबदारी अडवणाऱ्यावर.

दुसरा आक्षेप असा की हा सगळा एका सुरक्षारक्षकाचा अडाणीपणा, त्यातून एवढा सिद्धांत कशाला? पण सुरक्षारक्षक आपल्या मनाने काही ठरवत नाही. तो ज्या पगारात काम करतो त्यात धोका पत्करायची मुभा नसते. वरच्यांना कोण नको आहे याचा अंदाज घेत तो दार राखतो. मॉलच्या प्रकाराच्याच वर्षी, २०२४ च्या फेब्रुवारीत, बेंगळुरू मेट्रोच्या राजाजीनगर स्थानकावर डोक्यावर कपड्यांचं बोचकं घेतलेल्या एका शेतकऱ्याला कपडे मळके आहेत म्हणून अडवलं होतं. त्याच्याकडे तिकीट होतं. सहप्रवाशांनी आवाज उठवला तेव्हा कुठे त्याला आत जाता आलं, आणि मेट्रोने त्या पर्यवेक्षकाला कामावरून काढलं. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की दिसतं, की अडवलं जातं ते एका विशिष्ट पंच्याला. मंत्र्याचं कडक इस्त्रीचं, जरीकाठी पंचे कुठल्याच दारात अडत नाही. अडतं ते धुऊन धुऊन पिवळट झालेलं, गुडघ्याशी दुमडायची सवय असलेलं पंचे. तेव्हा 'पंच्याचा मान राखा' एवढ्याने भागणार नाही. भरजरी पंच्याचा मान आधीच राखलेला आहे. प्रश्न रोजच्या पंच्याचा, म्हणजे ते नेसणाऱ्या गरिबाचा आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि तो महाराष्ट्रातूनच येतो. ज्या वस्त्राचे गोडवे आपण गातो त्याच्या नेसण्यात जात विणलेली होती. कुणी किती लांब नेसायचं, काठ कुठपर्यंत आणायचा, यावर गावोगाव अलिखित आणि कधी लिखितही निर्बंध होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं, की लुगडं नेसण्याची जी पद्धत तुमची अस्पृश्यता लांबून दाखवते ती सोडा, वरच्या जातींच्या बायका नेसतात तसं नेसा, त्याला जास्त पैसे पडत नाहीत. स्वतः बाबासाहेबांनी सूट निवडला, आणि तो सूट आज कोट्यवधी लोकांसाठी स्वाभिमानाची खूण आहे. दुसरीकडे गांधींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला, आणि १९३१ साली त्याच वेशात ते लंडनच्या गोलमेज परिषदेला गेले व बकिंगहॅम राजवाड्यात राजाला भेटले. त्या परिषदेला बाबासाहेबही होते, सुटात. या दोघांपैकी कुणाचा पोशाख जास्त भारतीय, असा वाद घालणं निरर्थक आहे. दोघांनीही जन्माने किंवा रिवाजाने वाट्याला आलेला वेश बाजूला ठेवून विचारपूर्वक दुसरा घेतला. म्हणून हा आक्षेप मला अडचणीचा वाटत नाही. उलट तो माझं म्हणणं नेमकं करतो. पंचे सगळ्यांनी नेसावं असा आग्रह धरला तर आपण बाबासाहेबांच्या विरुद्ध जाऊ. ज्याला नेसायचं आहे त्याला अडवू नये एवढंच म्हटलं, तर सूट आणि पंचे एकाच हक्काखाली येतात. हाच न्याय उलट्या सक्तीलाही लावावा लागेल. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना मुंडू सक्तीचं आहे, आणि बाहेर मुंडू मिळण्याची सोय असल्यामुळे अनेक जण ते पँटीवरूनच गुंडाळून आत जातात. भाव मनात असेलही, पण अशा मुंडूत निवडीचा अंश किती, हे उघड आहे.

चौथा आक्षेप स्त्रियांकडून यावा, आणि तो यायलाच हवा. पुरुषांनी सोय पाहून पँट घातली, परंपरा सांभाळायचं काम मात्र साडीच्या रूपात बायकांवर टाकलं. आता एका पुरुषाला दारात अडवलं तर राज्य बंद पाडायचं? ही तक्रार रास्त आहे. मुलींच्या कपड्यांवर वसतिगृहांत, महाविद्यालयांत, रस्त्यावर रोज बोललं जातं आणि त्यासाठी कुणी मॉल सात दिवस बंद ठेवत नाही. पण या तक्रारीतून पंच्याचा मुद्दा हलका होत नाही, त्याची व्याप्ती वाढते. नेसणाऱ्याची निवड हे तत्त्व मानलं तर ते साडी न नेसणाऱ्या मुलीलाही लागू होतं, आणि डोक्यावरून पदर किंवा रुमाल घेणाऱ्या मुलीलाही. शाळेच्या गणवेशाचा प्रश्न वेगळा, कारण तिथे शिस्त, वय आणि वर्गातली बरोबरी अशी कारणं मांडली जातात आणि ती तपासावी लागतात. कर्नाटकातल्या हिजाबच्या खटल्यात २०२२ साली उच्च न्यायालयाने एक निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, यावरूनच ही तपासणी किती कठीण आहे ते कळतं. तरीही पहिला प्रश्न प्रत्येक वेळी तोच असायला हवा: हे कोणी ठरवलं, घालणाऱ्याने की दुसऱ्याने? पंच्याच्या वेळी हा प्रश्न विचारायचा आणि इतर वेळी गप्प बसायचं, हे तत्त्व नाही, आवडनिवड आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: पंचे सुटतं, खिसा नाही, दुचाकीवर अडचण, तेव्हा ते काळाच्या ओघात जाणारच, मग त्याला धरून का ठेवायचं? सुटतं हे खरंच. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये विधानसभेत बोलता बोलता सिद्धरामय्यांचं पंचे सैल झालं, शेजारून पक्षातले सहकारी डी. के. शिवकुमार यांनी कानात सांगितलं, तेव्हा त्यांनी ते सभागृहालाच सांगून टाकलं, वजन वाढल्यामुळे हल्ली असं होतं म्हणाले, आणि गाठ मारून भाषण पुढे सुरू केलं. सगळे हसले, कुणाची अब्रू गेली नाही. अडचणींवर बाजारानेही तोड काढली आहे: वेल्क्रोची पट्टी लावलेली, आतून खिसा असलेली पंची आता सर्रास मिळतात. किल्टलाही खिसा नव्हताच, म्हणून पुढे कातडी पिशवी लटकवायची चाल आली. अमेरिकेत तर आता जाड कापडाच्या, खिसेवाल्या, सुतार-गवंड्यांनी कामावर घालाव्यात अशा किल्ट निघतात. वस्त्र टिकतं ते असं, वापरणाऱ्यांच्या गरजेने बदलत. काळाच्या ओघात ते जाणार असेल तर खुशाल जावं. लोकांनी सोय पाहून सोडलं तर तीही निवडच. मात्र दारात अडवतील या धास्तीने माणूस गावाहून येताना आवडतं पंचे पिशवीत घालून पँट चढवू लागला, तर तो काळाचा ओघ म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात धोतराच्या बाबतीत या दोन गोष्टी इतक्या मिसळल्या, की सोयीने किती गेलं आणि लाजेने किती, हे आता वेगळं काढणं अवघड आहे.

मॉल सात दिवस बंद ठेवल्याने काय साधलं, हे म्हणून तपासायला हवं. संताप निवला, सरकारची तत्परता दिसली, आणि त्या वृद्धाच्या खांद्यावर शाल पडली. शाल पांघरवणं आणि दार उघडं ठेवणं यांत फरक आहे. १८२२ च्या एडिंबरात पहिली गोष्ट थाटात झाली आणि दुसरी झाली नाही. शहरांना हवा आहे तो साधा, कंटाळवाणा उपाय. ज्या जागा सगळ्यांना बोलावतात त्यांनी कपड्यांबद्दलचा नियम असल्यास तो लेखी, कारणासह दारावर लावावा. कारण देता येत नसेल तर तो नियम रद्द समजावा. आणि अडवण्याचा हुकूम तोंडी देणाऱ्या वरिष्ठाला जबाबदार धरावं, पगारी रक्षकाला एकट्याला नव्हे. बेंगळुरूच्या संगणक कंपन्यांत ओणम-पोंगलला पंचे-मुंडू नेसून फोटो काढले जातात, त्याला हरकत नाही. पण सणाच्या दिवशी चालणारं वस्त्र एखाद्या मंगळवारी कामावर नेसून आलं तर भुवया उंचावतात का, यावरून त्या कचेरीचा मोकळेपणा मोजावा. 'पारंपरिक वेशभूषा दिन' साजरे करणाऱ्या महाराष्ट्रातल्या संस्थांनीही स्वतःला हाच प्रश्न विचारायला हरकत नाही. वर्षातून एक दिवस ठरवून दिलेलं वस्त्र कुणाचं आवडतं होत नाही. आवडतं व्हायला ते अनेक साध्या दिवसांतून, कुणाची परवानगी न घेता नेसता यावं लागतं, आणि तेवढी मोकळीक दिली तर पंच्याला संरक्षणाची गरज पडणार नाही.